दारातला ढिगारा

एका जंगलात, फार वर्षांपूर्वी म्हणा किंवा मागच्याच आठवड्यात म्हणा, एक खवल्या मांजर राहत होतं. बाळांनो, नावात मांजर असलं तरी ते म्यांव करत नाही. अंगभर खवले, हातभर जीभ, तोंडात दात एकही नाही. आणि कुणी जरा मोठ्याने बोललं की स्वतःला गुंडाळून चेंडू होऊन बसतं. म्हणून तिचं नाव गोटी.

गोटी नुकतीच शिकून तयार झाली होती. तिचं काम बिळांचं. नुसती खणायची नाही हं, आखायची. वळण कुठे घ्यायचं, वारा कुठून आत येईल, पिल्लं कुठे झोपवायची, संकट आलंच तर मागच्या दाराने कसं निसटायचं, हे सगळं ती ठरवायची. शहरात अशा मुलीला डिझायनर म्हणतात आणि बसायला फिरती खुर्ची देतात. जंगलात खुर्ची नव्हती. बाकी सगळं तेच.

तिचे गुरू म्हणजे साळूआजोबा. हे म्हातारे साळिंदर. त्यांनी जन्मभरात किती बिळं खणली, हे कुणालाच सांगता येत नसे, कारण त्यांचं एकही बीळ कुणाला सापडलं नव्हतं. मी त्यांना जवळचीच म्हणायची, तरी मलाही नाही. आणि मी काही प्रयत्न करायची राहिले होते असं नाही.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. तिला म्हणत माती पचवणं. बीळ खणलं की ढीगभर माती निघते. ती दारात टाकली तर आंधळ्यालाही कळेल की इथे कुणीतरी राहतं. म्हणून ती सगळी माती थोडी थोडी उचलून लांब ओढ्यात नेऊन सोडायची. आजोबा म्हणत, "खणणं निम्मं काम. माती पचवणं उरलेलं निम्मं. ज्याला माती पचवता येत नाही, त्याने खड्डे काढावेत, घरं बांधू नयेत."

गोटीला पहिलं काम मिळालं ते सशीणकाकूंचं. काकूंना चार पिल्लं. करवंदीच्या जाळीमागे गोटीने त्यांचं बीळ केलं. पुढचं दार गवतात, मागचं दार एका सपाट दगडाखाली. एकवीस दिवस ती खणत होती आणि माती ओढ्यात नेत होती. काम झालं आणि काकू बाजारहाट करून परत आल्या, तर जाळीभोवती तीन फेऱ्या मारून रडकुंडीला आल्या.

"अगं गोटे, मलाच सापडेना गं माझं घर!"

त्या धंद्यात यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं.

पण बाळांनो, अशा कौतुकाचं एक असतं. ते कुणाला कळतच नाही. घर दिसेना, म्हणून घर करणारी दिसेना, म्हणून दुसरं काम येईना. एक महिना गेला. दोन गेले.

डोंगरापलीकडे गोटीचा मामा होता. त्याचा धंदा वारुळं फोडायचा. उभं राहायचं, नख्या मारायच्या, वारूळ आडवं. आखणी नाही, वळण नाही, डोकं लागत नाही. मामा मायेने भेटायला आला.

"काय चाललंय सध्या?"

बाळांनो, जगात याहून दुष्ट प्रश्न नाही. मी स्वतः तो रोज दोघातिघांना विचारते.

"चाललंय," गोटी म्हणाली.

"म्हणजे काही नाही चाललेलं. हे बघ, पळस फुलेपर्यंत थांबतो. तोवर काम लागलं तर लागलं. नाहीतर माझ्याबरोबर चल. वारुळं भरपूर आहेत आणि मुंग्या ताज्या."

मामा गेला. गोटीने पळसाकडे पाहिलं. झाडावर पानं होती, म्हणजे अजून वेळ होता. पण पानं गळायला लागली होती.

पंधरा-वीस दिवसांनी पाणवठ्यावर टिटवीताईंचं शिबिर लागलं.

टिटवी तुम्हाला माहीत असेल. नसली तरी तिने तुम्हाला ऐकवलेलं असेल. ती एका उंच दगडावर उभी राहून ओरडायची. शिबिराचं नाव होतं 'आवाज असेल तर तुम्ही आहात'. नवशिक्या कलाकारांसाठी, पाच दिवस. फी म्हणून रोज ओंजळभर गांडुळं. मॅडम म्हटलेलं चालत नसे. "ताई म्हणा, आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं ती म्हणायची आणि गांडुळं मोजून घ्यायची.

आता गंमत बघा. टिटवी कधी घरटं बांधत नाही. मोकळ्या जमिनीवर चार खडे सरकवते आणि अंडी घालते, झालं. पण घरं बांधणाऱ्यांना सल्ला द्यायला ती. ती म्हणायची, "माझी शैली साधेपणाची आहे." सगळे माना डोलवायचे.

पहिल्या दिवशी ओळखपरेड झाली.

"नाव?"

"गोटी."

"काय करतेस?"

"बिळं खणते."

टिटवीताईंनी डोळे मिटून घेतले, जणू कुणी गेल्याची बातमी ऐकली. "बाळ, बिळं उंदीरही खणतात. तू भूगर्भ-निवास संकल्पक आहेस. म्हण बघू."

"भूगर्... निवा..."

"मोठ्याने!"

गोटी चेंडू झाली. सगळे हसले. टिटवीताई मात्र पंख पसरून किंचाळल्या, "हलू नका कुणी! हाच! हाच हिचा लोगो!"

मग त्या चेंडूभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "छान. आता काम दाखव."

चेंडूच्या आतून आवाज आला, "दाखवता येत नाही, ताई. दिसलं तर ते चुकलेलं काम."

"जे दिसत नाही ते नसतंच. निघालेली माती कुठे टाकतेस?"

"ओढ्यात."

"ओढ्यात! ऐकलंत सगळ्यांनी? ही पोरगी स्वतःची सही ओढ्यात बुडवते! अगं, दारातला मातीचा ढिगारा हीच तुझी पाटी. हीच तुझी ओळख. लांबून दिसला पाहिजे, आणि बघणाऱ्याने म्हटलं पाहिजे, हे गोटीचं काम!"

शिबिरात घुशीचा थोरला मुलगा होता, नाव रुबाब. त्याने अजून एकही बीळ पुरं केलेलं नव्हतं. तो हे सगळं लिहून घेत होता.

त्या जंगलात काम दाखवायची जागा म्हणजे पाणवठ्याकाठचा ओला चिखल. ज्याला जे दाखवायचं ते त्याने चिखलात काढायचं. पाणी प्यायला येणाऱ्याला आवडलं, तर त्याने शेजारी आपलं पाऊल उमटवायचं. एक पाऊल म्हणजे एक वाहवा. दुसऱ्या दिवशी उन्हात चिखल सुकायचा आणि काल कुणाला काय आवडलं ते कुणाला आठवायचं नाही. म्हणून रोज नवं काढायचं.

गोटीने पहिल्या दिवशी आपला लोगो काढला. तीन पावलं पडली. त्यातलं एक तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिने काकूंच्या घराचा पुढचा भाग काढला. पाच पावलं.

"आतलं दाखव," टिटवीताई म्हणाल्या. "लोकांना आतली गोष्ट हवी असते. तुझं वैशिष्ट्य काय?"

"मागचं दार," गोटी म्हणाली. "ते कुणालाच सापडत नाही."

"मग तेच काढ! मोठं काढ! बाण दाखव! आणि तिकडे दारात ढिगारा घाल."

गोटी काकूंकडे गेली. काकू पिल्लांची तोंडं पुसत होत्या.

"काकू, तुमच्या दारात थोडी माती टाकू का?"

"घर झाडताना माती बाहेर काढतात गं. तू आत आणतेस?"

गोटीने सगळं सांगितलं. चिखल, पावलं, ढिगारा, मागचं दार. काकूंचे कान हळूहळू उभे राहिले.

"नको बाई. अगं, मागचं दार म्हणजे माझा जीव आहे. तो काय चिखलात काढायचा?"

"बरं," गोटी म्हणाली आणि वळली.

काकूंनी तिच्या पाठीकडे बघितलं. एकवीस दिवस माती वाहणारी पाठ. मग पळसाकडे बघितलं. एक पान उरलं नव्हतं. काकू माझ्यासारख्याच, दुसऱ्याच्या मुलीचं वाईट झालेलं बघवत नाही.

"थांब. तुला काम मिळेल का त्याने?"

"ताई म्हणतात, मिळेल."

"मग काढ बाई काय काढायचं ते. घाल दोन मुठी माती माझ्या दारात. चार दिवस जरा सांभाळून राहू."

गोटीने दोन मुठी घातल्या. टिटवीताई बघायला आल्या आणि म्हणाल्या, हे काय, हा ढिगारा आहे की कुणी शिंकलं? मग गोटीने चार टोपल्या घातल्या. आणि पाणवठ्यावर अख्खा नकाशा काढला. करवंदीची जाळी, पुढचं दार, पिल्लांची खोली, सपाट दगड, त्याखाली मागचं दार. आणि बाण.

दुपारपर्यंत एकेचाळीस पावलं पडली!

टिटवीताईंनी दगडावर नाच केला. "एकेचाळीस! आता कामं धावत येतील!"

गोटी पहिल्यांदाच न गुंडाळता, सरळ उभी होती. ती पावलं मोजत होती. एकदा मोजली, पुन्हा मोजली.

इतक्यात साळूआजोबा पाणी प्यायला आले. ते सावकाश प्याले. मग खाली वाकून चिखल बघत राहिले.

"आजोबा, एकेचाळीस!"

"मोजलीस. चांगलं केलंस," आजोबा म्हणाले. "ओळखलीस का?"

"काय?"

"पावलं."

गोटीने बघितलं. सहा हरणाची होती. दोन मोराची. एक कासव बाणावरून चालत गेलं होतं, त्याला बहुधा घाई होती. उरलेली बत्तीस एकाच जनावराची. लहान, लांबट, पुढे नख्यांच्या खुणा. नकाशाभोवती तीन फेऱ्या. मागच्या दाराशी सगळ्यात जास्त. आणि तिथून थेट करवंदीच्या दिशेने.

"कोल्हा," गोटी म्हणाली.

खवल्या मांजराला पळता येत नाही, बाळांनो. ते डुलत डुलत चालतं, लग्नातल्या जाड काकांसारखं. पण पाणवठ्यापासून करवंदीपर्यंत उतार होता. गोटी चेंडू झाली आणि उतारावर सुटली. दगडांवर आपटली, बाभळीला धडकली, वाटेत एका भेकराच्या पायांतून गेली. "काय ही आजची पिढी," म्हणून ते भेकर ओरडलं.

ढिगारा लांबूनच दिसला. तो दिसावा म्हणूनच घातलेला होता.

कोल्हा पुढच्या दाराकडे बघतसुद्धा नव्हता. त्याने सपाट दगड सरकवला होता आणि मान आत घातली होती. आतून पिल्लांचा आवाज येत होता. गोटी त्याच्या बगलेखालून आत घुसली, बोगद्यात आडवी झाली आणि गुंडाळली गेली. अख्खा बोगदा भरला. कोल्ह्याच्या तोंडापुढे उरले नुसते खवले.

कोल्ह्याने चावून बघितलं. कट्‌कन आवाज झाला. खवला नव्हता तुटला.

"कोण आहे आत?" कोल्हा बोबडं बोलला.

"भूगर्भ-निवास संकल्पक," चेंडू म्हणाला. या वेळी एका दमात.

काकू चारही पिल्लांना घेऊन पुढच्या दाराने निघाल्या आणि साळूआजोबांच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या. आजोबा तोवर पोचले होते आणि काटे फुलवून उभे होते. कोल्ह्याने इकडे खवले बघितले, तिकडे काटे बघितले, जिभेने आपले दात चाचपले आणि निघून गेला.

पिल्लं वाचली. घर गेलं. सगळ्या जंगलाला ठाऊक झालेल्या घरात कोण राहणार?

"काकू," गोटी म्हणाली. आणि तिला रडू फुटलं.

"रडू नकोस," काकू म्हणाल्या. त्या स्वतः रडत होत्या. "दुसरं खणून दे. आणि या खेपेला मला पण सांगू नकोस कुठे आहे ते."

गोटी तशीच पाणवठ्यावर गेली. तिकडे टिटवीताई खुशीत होत्या. कोल्हा येऊन अभिप्राय देऊन गेला होता : पत्ता अचूक, नकाशा वाचायला सोपा, मागचं दार जरा कडक.

"एवढ्या जाणकाराचा अभिप्राय, गोटी! हा वरती लाव!"

"ताई, आत चार पिल्लं होती. मी दारात आडवी पडले म्हणून वाचली."

"अस्सं? ते कुणी पाहिलं?"

"कोल्ह्याने."

"एकटाच प्रेक्षक," ताई हळहळल्या. "तरी मी सांगत होते, आधी चार लोक गोळा कर."

गोटीला राग आला की ती गुंडाळायची. आज ती गुंडाळली नाही.

"ताई, तुमची अंडी कुठे आहेत? उद्या चिखलात काढू या. बाणासकट."

"श्श!" टिटवीताई म्हणाल्या. "हळू बोल! वेडी का तू?"

त्या जंगलात टिटवीला हळू आवाजात बोलताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं गेलं.

मग गोटी दोन दिवस गवतात बसून नुसती बघत राहिली. ताई ओरडायच्या तो दगड पाणवठ्याच्या एका टोकाला. ओरडून झालं, सगळे तिकडेच बघत राहिले, की ताई मान खाली घालून, एक अक्षर न बोलता, चालत जायच्या त्या दुसऱ्या टोकाला. अंडी तिथे. कोल्हा आला की ताई आणखी लांब जाऊन आणखी मोठ्याने ओरडायच्या, आणि कोल्हा त्या आवाजामागे जायचा. शिबिरात हे कुठेच शिकवलेलं नव्हतं. गोटीला तिची गांडुळं तेव्हा वसूल झाल्यासारखी वाटली.

ती रुबाबकडे गेली. रुबाबचं शिबिरानंतर बरं चाललं होतं. त्याने माळावर एक ढिगारा केला होता. त्याखाली बीळ नव्हतं, कारण बीळ खणायला वेळ लागतो. पण ढिगारा बरा होता आणि रोज पावलं पडत होती. फक्त आजूबाजूची माती खरवडून खरवडून त्याच्या नख्या झिजल्या होत्या.

"रुबाब, माती हवी का? पाहिजे तेवढी आणून देते."

रुबाबने डोळे बारीक केले. "नाव तुझं नाही लावायचं हं त्यावर."

"नको लावूस."

"नक्की?"

"नक्की."

"बिचारी," रुबाब मनात म्हणाला. मनातलं असलं तरी ते चेहऱ्यावर वाचता येत होतं.

तेव्हापासून गोटी माती ओढ्यात नेईनाशी झाली. ती रुबाबच्या ढिगाऱ्यावर न्यायला लागली. ढिगारा वाढला. लांबलांबून जनावरं बघायला येऊ लागली. कुणी म्हणालं, यात एक अस्वस्थता आहे. कुणी म्हणालं, पोकळी आहे. ते मात्र खरं नव्हतं, आत पोकळी अजिबात नव्हती. टिटवीताईंनी रुबाबला वर्षाचा उगवता संकल्पक म्हणून झेंडूचा हार घातला. भाषणात म्हणाल्या, "हा खणण्याच्या पलीकडे गेला आहे." रुबाबने ते लगेच लिहून घेतलं.

कोल्ह्याने तो ढिगारा चारही बाजूंनी उकरला. आठ दिवस उकरला. त्याला शिंका आल्या, बाकी काही आलं नाही. आणि तो तिकडे उकरत होता तेव्हा इकडे, कुठे ते विचारू नका, काकूंचं नवं घर पुरं झालं. मग काकूंनी एका कानात सांगितलं. त्या कानाने दुसऱ्या कानात. सशांचे कान केवढे असतात तुम्हाला माहीतच आहे. एक काम आलं, मग दुसरं आलं, मग आजोबांना बोलवावं लागलं मदतीला. चिखलात यातलं काही आलं नाही.

आणि पळस फुलला. सगळा डोंगर पेटल्यासारखा.

त्या दिवशी सकाळीच मामा आला. पाणवठ्यावर टिटवीताईंना विचारलं, "आमची गोटी कुठे असते हो?"

"गोटी? ती संपली," ताई म्हणाल्या. "दोन महिने चिखलात दिसलेली नाही. गुणी होती, पण स्वतःला मांडता आलं नाही तिला. तुम्ही रुबाबचा ढिगारा पाहिलात का?"

मामाने ढिगारा पाहिला. कुणीतरी सांगितलं म्हणून पाऊलही उमटवलं. मग साळूआजोबांना गाठलं.

"इथेच आहे की," आजोबा म्हणाले आणि चालायला लागले.

मामाने करवंदीमागे शोधलं. बांबूच्या बेटात शोधलं. ओढ्याच्या दोन्ही काठांनी हाका मारल्या. कुठे ताजी माती दिसेना, कुठे दार दिसेना. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा तो दमून एका गवताच्या पट्ट्यावर बसला.

त्या गवताच्या बरोबर दोन हात खाली गोटी पाचव्या घराचं वळण काढत होती. वरचा खोकला तिने ओळखला. ती थांबली. पंजात माती होती, ती तशीच धरून ठेवली, एक कण खाली पडू दिला नाही.

"पोर कुठे गेली कुणास ठाऊक," मामा वर म्हणत होता. "काहीतरी नाव काढलं असतं तर सापडली तरी असती." त्याने पंजाने डोळे पुसले. माया होतीच हो त्याला. मग उठला, मागचं गवत झटकलं आणि आपल्या वारुळांकडे निघून गेला.

खाली गोटी तोंड दाबून हसली. आणि पुढचं वळण जरा जास्तच डौलदार काढलं, जे कुणालाच दिसणार नव्हतं.

तात्पर्य : बाळांनो, नाव काढायचं असेल तर दारात ढिगारा मोठा घाला. फक्त त्याच्या खाली चुकूनही काही खणू नका. खाली खरंच काही निघालं, तर कोल्हा येतो.